शेपटीतला खडा

धक्क्याच्या टोकाला बर्फाचा कारखाना आहे आणि त्याच्या डोक्यावर एक लांबट खोली. खाली दिवसभर बर्फ फुटत असतो, त्यामुळे वरच्या खोलीतली जमीन जराशी थरथरते आणि तिथली माणसं जरा मोठ्यानं बोलतात. ह्या खोलीत समुद्र बाटल्यांतून येतो. पाहणीची बोट बारीक जाळं ओढत फिरते, जाळ्यात जे चिमूटचिमूट सापडेल ते बाटलीत भरते, आणि त्या बाटल्या खिडकीशी बसलेल्या एका बाईपुढे येऊन थांबतात. बाटलीतला एकेक जीव वेगळा काढायचा आणि ज्याला त्याला त्याचं नाव द्यायचं, हे तिचं काम. केस काळे होते तेव्हापासून ती हेच करत आली आहे.

तिला सगळे खडेबाई म्हणतात. नाव तिनं आपणहून ओढवून घेतलेलं. खोलीत कुणी नवीन आलं, की पहिल्याच दिवशी मायक्रोस्कोपातून डोकं काढून रडकुंडीला येऊन विचारतंच, "अहो, हे सगळे सारखेच दिसतात की! ओळखायचं कसं?" आणि ही मान वर न करता म्हणते, "खडा बघ आधी. खडा."

सारखे दिसतात हे काही खोटं नाही. बोटाच्या पेराएवढे नाहीतर त्याहून लहान, आरपार दिसणारे, पाठीत वाकलेले, पुढे दोन काळे डोळे. बाजारात विचाराल तर ह्या सगळ्याला एकच शब्द, जवळा. तो शब्द ऐकला की खडेबाईच्या कपाळाला आठी पडते. "जवळा म्हणे! उद्या माणसांना सरसकट गर्दी म्हणा." तिच्या लेखी त्यात जातीजातीचे जीव असतात आणि प्रत्येकाची ठेवण निराळी. क्रिल असेल तर छातीच्या कवचाखालून कल्ल्यांचे झुपके उघडेच लोंबतात. ती म्हणते, बनियनवर घराबाहेर पडलेला माणूस तो. खरी कोळंबी तशी नाही, तिचे कल्ले कवचाच्या आत नीट झाकलेले. एखाद्याला कवचच नसतं, अंग दोन्ही कुशींनी दाबल्यासारखं चपटं, तो आणखी तिसराच कुणी. आणि मायसिड. मायसिड म्हणजे खडेबाईचा जीव की प्राण. डोळे देठांवर, मादीच्या पोटाशी पिल्लांची पिशवी, आणि शेपटीत खडा.

शेपटीच्या टोकाला पाच पाकळ्यांचा पंखा असतो. मधल्या पाकळीच्या दोन बाजूंना ज्या आतल्या पाकळ्या, त्यांच्या बुडाशी एकेक गोल चकचकीत ठिपका. असतात दोन, जोडीनं, पण खोलीत सगळे एकवचनातच बोलतात. खडा दिसला का? दिसला. मग मायसिड. वर कुठे, खाली कुठे, आपण सरळ आहोत की कललोय, हे त्या एवढ्याशा जिवाला तो खडा सांगतो. आपल्याला जे कानात दिलंय ते तिला शेपटीत दिलंय, इतकंच.

खडेबाईचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन. गिऱ्हाइकानं विचारलं की बायको काय करते, तर तो दोरा दातानं तोडत म्हणतो, "शेपट्या बघते. त्यामुळे माझं तोंड बघायला तिला सवड होत नाही." गिऱ्हाईक हसतं. खडेबाई आतून ओरडते, "तोंडात बघण्यासारखं आहे काय?" असं त्यांचं छान चाललेलं.

ही निवडण्याची खोड मूळची आईनं लावलेली. लहानपणी आई दोघी बहिणींपुढे धान्याचं ताट ठेवायची, खडे काढायला. ताई झपाझप हात चालवायची. धाकटी एकेक खडा काढून ताटाच्या कडेला रंगानं लावत बसायची, पांढरे इकडे, तांबडे तिकडे. "हिच्या हातात ताट दिलं की आपण उपाशीच झोपायचं," ताई कान पिळून म्हणायची. मग तिच्या पुढ्यातलं अर्धं ताट आपल्याकडे ओढून तेही निवडून द्यायची. ताई तशी होती. बोलायची तिखट, आणि करायची सगळं.

त्या ताईच्या घरी खडेबाईनं कित्येक वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

आता ऐका कशावरून. जमीनजुमल्यावरून नाही, दागिन्यांवरून नाही. मांजरीवरून.

ताईला दिलं ते समोरच्या बेटावर. वरच्या खोलीच्या खिडकीतून ते दिसतं, उन्हात निळसर, ढगात नाहीसं. खडेबाई कामाला लागली त्या साली तिनं पहिल्यांदा स्वतःच्या स्वतः, कुणाला न विचारता, मायसिड ओळखली. आनंद पोटात मावेना. हे दाखवायचं तर ताईला, दुसऱ्या कुणाला! तिनं धक्क्याच्या पायरीवरून काही जिवंत मायसिड धरल्या, काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी भरून त्यात सोडल्या, ओच्यात भिंग बांधलं आणि बोटीत बसली. समुद्र त्या दिवशी तापट होता. ओकूनओकून तिची आतडी गळ्याशी आली. बेटावर उतरली ती हिरवीगार होऊन. ताईनं तिला धरूनधरून घरात नेलं, आतल्या खोलीत अंधार करून निजवलं, कपाळावर ओला फडका ठेवला.

दुपार कलल्यावर ही उठली आणि पहिलं विचारलं, "ताई, माझी बरणी?"

"ती होय? अगं, मूठभर जवळा होता तो मांजरीला घातला. बिचारी सकाळपासून ओरडत होती. बरणी बघ धुऊन पालथी घातलीये."

घर पाहुण्यांनी भरलेलं. हिचं तोंड बघून सासरची सगळी मंडळी फिसकन हसली आणि ताई सगळ्यांत जोरात हसली. "एवढ्या लांबून आणायचा तर जरा जास्त तरी आणायचास! मांजरीच्या दाढेला पुरला नाही!"

खडेबाईच्या नाकावर राग तेव्हाही होताच. ती तशीच अनवाणी अंगणात गेली, एक खडा उचलला आणि सगळ्यांदेखत कानाच्या पाळीला लावला. "हा बघ. कानाला खडा. पुन्हा तुझ्या दारात येणार नाही."

ताई काय कमी? एकाच आईच्या. तिनंही वाकून खडा उचलला. "नको येऊस. माझ्याही कानाला खडा. मीही तुझ्या दारी येत नाही."

झालं. दुधात मिठाचा खडा पडावा तसं झालं. दोघींना वाटलं असणार की दुसरी चार दिवसांत येईल. आली नाही. पुढे कुणाच्या लग्नाकार्यात भेटल्या तर पाहुण्यांशी बोलावं तसं बोलल्या. फोनवर "बरी आहेस ना?" "बरी आहे." एवढ्यावर वर्षं गेली. खडेबाईच्या खिडकीतून बेट रोज दिसायचं आणि ती मान खाली घालून मायक्रोस्कोपात बघायची.

एके सकाळी जिना चढून भाची आली. ताईची मुलगी, ह्या किनाऱ्यावरच शाळेत शिकवते, दर सुटीला आईकडे जाऊन येते. धापा टाकत स्टुलावर बसली.

"मावशी, आईच्या डोळ्यांचं कळलं का तुला?"

"मोतीबिंदू ना? काढून टाकतात की आता."

"मोतीबिंदू नाही गं. डोळ्यात दाब वाढलाय. कडेकडेनं विझत आलंय सगळं. बाजूचं दिसतच नाही. फक्त समोरचं, एवढं." भाचीनं अंगठा आणि बोट जुळवून वाटोळं केलं आणि त्यातून मावशीकडे पाहिलं. "गेलं ते परत येत नाही म्हणतात. आणि हे उरलंय ते किती टिकेल, डॉक्टर सांगत नाहीत."

खाली बर्फ फुटत होता.

"तिनं निरोप दिलाय," भाची म्हणाली. "तिचेच शब्द सांगते हं. मावशीला म्हणावं, मांजरीनं खाल्लं ते मला बघायचंय. दिसतंय तोवर."

"मग घेऊन ये की तिला इकडे," खडेबाई पटकन म्हणाली.

"ती नाही यायची. बोटीच्या फळीची कड दिसत नाही तिला. एकदा पडली धक्क्यावर. आता पाण्याजवळच जात नाही."

"बघू," खडेबाई म्हणाली. भाचीला तो शब्द माहीत होता. आईकडूनही तिनं तो पुष्कळदा ऐकला होता. ती उठून गेली.

मग खडेबाईनं नेहमीसारखा डोळा भिंगाला लावला. खाली पांढरं, गोल, उजेडाचं तळं. भोवती काळोख. त्या तळ्यात एक पाय, एक डोळा, एक पाकळी, एवढंच काय ते जग. आयुष्यभर ती ह्या वाटोळ्या खिडकीत राहिली होती आणि कंटाळा आला की डोकं वर काढून बाहेर बघायची, पाहा, केवढं आभाळ! ताईनं डोकं वर काढलं तरी आता तिला वाटोळंच दिसणार. आणि ते वाटोळं आतआत येत जाणार. खडेबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भिंगावर पडलं. तिनं ते पुसलं, परत आलं, परत पुसलं.

घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला फक्त एवढंच सांगितलं, "मला झिरझिरीत कापडाची एक छोटी जाळी शिवून द्या. मुठीएवढी."

"कशाला?"

"हवीय."

शिंप्यानं तिच्याकडे पाहिलं, चिंध्यांच्या गाठोड्यातून कुणाच्या तरी झग्याचं उरलेलं कापड काढलं आणि तारेच्या कडीला जाळी शिवून दिली. टाके इतके बारीक घातले की बघत राहावं. दुसऱ्या दिवशी खडेबाईच्या खिडकीत काचेच्या मोठ्या वाडग्यात जिवंत मायसिड तरंगू लागल्या. कशासाठी, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नाही.

जायचं मनात होतं, हो. पण पाय निघेना. तिचा स्वभाव असा, की एकदा बाटलीला नाव चिकटवलं की चिकटवलं. आज हे, उद्या ते, असलं तिला खपत नसे. बोललेला शब्द फिरवायचा म्हणजे आपणच लावलेलं नाव आपणच खरवडून काढायचं. आणि आपणच का? ताईनं नुसतं "ये" म्हटलं असतं तर! पण ताई "ये" म्हणाली नव्हती, "बघायचंय" म्हणाली होती.

अशात तिला घेरी येऊ लागली. सकाळी कूस बदलली आणि छत गरागरा फिरलं. कामावर मान वाकवून डोळा लावला तर पांढरं तळं तिला पोटात घेऊन फिरायला लागलं. तिनं टेबल घट्ट धरलं. तोंडचं पाणी पळालं. मान वाकवता आली नाही तर मग हिचं काम काय राहिलं? धान्यातल्या खड्यासारखं बाजूला काढतील आपल्याला, असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी दुसरं वाटलं आणि त्याची तिला लाज वाटली: बरं झालं, आता बोटीत बसायला नको. एवढी चक्कर येते, कोण मेलं जाणार?

"भाचीला सांगा, मला बरं नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"बरं नाही ते दिसतंय," नवरा म्हणाला, "पण ते आधी डॉक्टरला सांगू. भाचीला मग."

कानाच्या डॉक्टरीणबाईंची खोली वरच्या मजल्यावर, पडदे पोपटी. बाईंनी खडेबाईला पलंगावर बसवलं, मान एका बाजूला वळवली, झपकन मागे आडवं केलं आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या. खोली फिरू लागली. "डोळे मिटू नका, बघत राहा. थांबेल," बाई म्हणाल्या. थांबली.

"घाबरायचं काही नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या कानात आत बारीकबारीक खडे असतात. तोल त्यांच्यावर असतो. तुमचे थोडे जागेवरून सुटून भलतीकडे गेलेत. परत जागेवर नेऊन बसवायचे."

खडेबाई आडव्याच्या आडवी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. डॉक्टरीणबाईंना कळेना की हिला झालं काय. दारापाशी उभा नवरा म्हणाला, "चालू द्या, बाई. हिचा खड्यांचा जुना व्यवहार आहे."

बाईंनी तिची मान हळूहळू दुसऱ्या अंगाला वळवली, मग कुशीवर, मग बसतं केलं. "आज उशा रचून बसल्या बसल्या झोपा. दोनदा-तीनदा करावं लागेल. आणि बोटीत बसायला काही हरकत नाही," त्या म्हणाल्या, कारण नवऱ्यानं मध्येच तसं विचारलं होतं.

रस्त्यात तो म्हणाला, "एकीचा कान, एकीचा डोळा. इतकी वर्षं दोघींनी मिळून कानाडोळाच केलात."

"तुम्ही गप्प बसा," खडेबाई म्हणाली. पण तिनं त्याचा हात सोडला नाही. चक्कर पूर्ण गेली नव्हती, हे एक कारण सांगायला होतं.

पुढचे काही दिवस ती जपून चालायची, ओंजळीत पाणी घेऊन चालावं तशी. सगळं थोडं लांब आणि मऊ वाटायचं. दुपारी उशांना टेकून डोळा लागे आणि स्वप्नात ती पाण्यात असे, आरपार, आपलं आतलं सगळं आपल्याला दिसतंय. ताई तिला कडेवर घेऊन पाण्यातून चाललेली आणि म्हणतेय, अगं कललीस, सरळ बस. ह्या कडेवरच्या बसण्यातून उठावंसं तिला वाटत नसे. जाग आली की मशीनचा आवाज येई आणि तिला वाटे, आपण नक्की कुठल्या बाजूला जागे झालो?

कामावर परत गेली तेव्हा साहेबांनी तिला मान वाकवायची बंदी केली. भला माणूस, तिच्याबरोबरच म्हातारा झालेला. "बसा नुसत्या, वाडग्यात बघत," ते म्हणाले. म्हणून ती वाडग्यात बघत बसली होती आणि म्हणूनच तिला ते दिसलं.

एक मायसिड बाकीच्यांपासून जरा लांब, खालच्या बाजूला थांबली होती. अंग आक्रसून घेत होती, सैल सोडत होती. मग पाठीवर, कवच आणि पोट जिथे जुळतं तिथे फट पडली, आणि एका झटक्यात ती स्वतःतून बाहेर आली. मागे राहिली ती नुसती कात. डोळ्यांच्या टोप्या, पायांच्या बारीक नळ्या, पाच पाकळ्यांचा पंखा, सगळं जसंच्या तसं. आणि पंख्यात चमकणारं काहीतरी. खडेबाईनं भिंग धरलं. खडाच तो. कातीबरोबर तिनं खडाही टाकला होता.

हे खडेबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. मायसिडबद्दल तिला खडान्खडा माहिती. कात टाकताना खडा जातो, मग अंगातून नवा तयार होतो, हे तिनं कित्येकांना शिकवलं होतं. पण तिच्याकडे यायचे ते बाटलीतले मेलेले जीव. टाकताना तिनं कधी बघितलं नव्हतं. आता ती बघत राहिली. नुकती बाहेर आलेली ती मऊ, पांढुरकी मायसिड कलली. वर कुठे नि खाली कुठे हे सांगणारं तिच्यापाशी काही उरलं नव्हतं. ती एका अंगावर तरंगली, उलटी झाली, धडपडली. "अगं अगं," खडेबाई म्हणाली. वाटलं, बोट घालून तिला सावरावं. पण ती मेली नाही. तशीच वेडीवाकडी, पाय हलवत राहिली. ऊन खिडकीतून सरकत टेबलाच्या कडेला गेलं. खडेबाई जेवायलाही उठली नाही. संध्याकाळी निघताना बघितलं तर ती अजून कललेलीच होती, पण पोहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्याआल्या तिनं वाडगा गाठला. कालची कुठली ते ओळखू येईना. सगळ्या सरळ होत्या. सगळ्यांच्या शेपटीत खडा होता.

बराच वेळ ती उभी राहिली. मग साहेबांच्या दारात जाऊन म्हणाली, "तो छोटा मायक्रोस्कोप जरा नेऊ का? बोटीतून न्यायचाय."

"न्या," साहेब म्हणाले. "आपटू नका." आणि मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "आपटला तरी चालेल."

बोटीत ती बेटाकडे तोंड करून बसली. काचेची बरणी फडक्यात गुंडाळून मांडीत, मायक्रोस्कोप नवऱ्याच्या मांडीत. बोट सुटली. आता ओकारी येणार, आता घेरी येणार. तिनं फडकं जरा बाजूला केलं आणि बरणीत बघितलं. समुद्र काही फार उसळत नव्हता, पण बोट आपली ह्या अंगाला, त्या अंगाला व्हायची. बोट कलली की बरणी कलायची. मायसिड मात्र कलत नव्हत्या. बरणी कशीही होवो, त्या आपल्या सरळच्या सरळ, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, जागच्या जागी पाय हलवत. खडेबाई त्यांच्याकडे बघत राहिली. ऊन पाण्यातून बरणीत येत होतं, बरणीतून तिच्या हातांवर. नवरा काहीतरी बोलत होता, ते तिला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. बोट धक्क्याला लागली तेव्हा तिला वाटलं, आत्ता तर निघालो.

ताई दारातच खुर्चीवर बसली होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली आणि शोधू लागली. आधी तिला चपला दिसल्या असाव्यात, कारण ती तिथे थांबली. मग नजर हळूहळू वर आली. बरणीशी थांबली. मग चेहऱ्याशी.

"म्हातारी झालीस गं," ताई म्हणाली.

"तू काय कोवळी राहिलीस?"

"बरणीत तेच आहे ना?"

"तेच."

ताईच्या पायाशी एक ढवळी मांजर अंग घासत होती. त्याच मांजरीच्या कुठल्याशा पिढीतली. ताई म्हणाली, "मग आधी हिला बाहेर काढा. आणि दार लावून घ्या."

खिडकीशी टेबल ओढलं. खडेबाईनं काचेच्या छोट्या बशीत थेंबभर पाणी घेतलं, त्यात एक मायसिड सोडली, आरसा फिरवून उजेड आणला, शेपटी मधोमध आणली. मग ताईला धरून बसवलं आणि "शेपटीत खडा बघ" म्हणत तिचा डोळा भिंगाला लावून दिला. नवरा भिंतीशी उभा राहिला, तोंडातून शब्द न काढता. हे त्याला जड गेलं असणार.

ताई बघत होती. उशीर झाला असेल तर? वाटोळं इतकं लहान झालं असेल की त्यात शेपटीसुद्धा मावत नसेल?

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"पांढरं. सगळं पांढरं." मग थोड्या वेळानं, "हां. दिसला."

हा "दिसला" खडेबाईला चांगला माहीत होता. नवीन माणूस बिचारं कंटाळलं, किंवा समोरच्याचं मन मोडायचं नसलं, की असंच म्हणतं. दिसला. आणि ती दर वेळी म्हणायची, नीट बघ, उगाच हो म्हणू नकोस. चुकीचं नाव तिनं कधी कुणाचं चालवून घेतलं नव्हतं. आज मात्र तिनं ओठ मिटले. असू दे, तिनं मनाशी म्हटलं. ताई म्हणतेय दिसला, तर दिसला.

"पण तू खोटं सांगितलंस मला," ताई डोळा न काढता म्हणाली.

"काय खोटं?"

"खडा खडा म्हणून नाचलीस अंगणात. अगं, एक कुठाय? दोन आहेत. ह्या पाकळीत एक नि त्या पाकळीत एक. जोडी आहे चांगली."

दोन असतात हे खडेबाईनं ताईला कधीच सांगितलं नव्हतं. भाचीला नाही, घरात कुणालाच नाही. हे कळायला एकच वाट होती, आणि ती त्या भिंगातून जात होती. तिचा जीव भांड्यात पडला.

"एक तुझा नि एक माझा," ताई म्हणाली. "दोघींनी लावले होते ना."

तिनं डोळा हलवला नाही. एक हात मात्र बाजूला चाचपत आला. बाजूचं तिला दिसत नव्हतंच. हात आधी खांद्याला लागला, मग मानेला, मग कानाला. तो कान ताईनं पकडला आणि लहानपणी ताटापुढे पिळायची तसा जोरात पिळला.

"आई गं! ताई, दुखतंय!"

"दुखू दे. आता लाव खडा. म्हण, इतकी वर्षं पुन्हा रुसणार नाही."

"तू पण म्हण."

"आधी तू. धाकटी आहेस."

खडेबाई म्हणाली. मग ताईही म्हणाली. आणि मग ताई म्हणाली, "थांब, आता मला नीट बघू दे," आणि ऊन खिडकीवरून जाईपर्यंत ती बघतच राहिली. बाहेर मांजर दारावर पंजे घासून ओरडत होती, तिला त्या दिवशी कुणी आत घेतलं नाही.